लॉट नंबर

आमच्या यंत्रांवर पूर्वी नवरीच्या ओढण्या विणल्या जायच्या.
फ्रान्सच्या उत्तरेला, बिटाच्या शेतांमध्ये आमचं गाव.
आईच्या हातची लेस कुठे कुठे गेली,
ब्रसेल्सला, बैरूतला, एकदा कुण्या राणीच्या कॉलरला,
असं आई सांगायची.
खरं-खोटं यंत्राला ठाऊक.

आता तीच यंत्रं, तेच आडवे बार, खालीवर सुया,
फक्त धाग्याला कसलाच वास नाही.
पॉलिप्रॉपिलीन. भिजत नाही, कुजत नाही,
ओढला तर थोडा ढिला पडतो, मग मूळपदावर येतो.
अंतर्गळ झालेल्या पोटाला आतून लावायची जाळी.

मी तपासणीला. काचेखाली दिवा, काचेवर जाळी,
आणि माझे डोळे, सत्तावीस वर्षं.
नव्या पोरींना आधी हेच सांगते:
धागा बघू नका, भोक बघा.
भोक मोठं हवं,
मग मांस त्यातून आरपार वाढतं, जाळीला घरची करून घेतं.
पण जिथे धाग्याला धागा चिकटून बसतो
त्या फटीत जंतू शिरतो,
आणि त्याच्या मागे धावलेली पांढरी पेशी
दारातच अडकते, अंगानं थोराड.
म्हणून हा केशरी लेप.
दोन औषधं, आठवडाभराचा पहारा.
मग पहारा उठतो.
पुढचं ज्याच्या त्याच्या शरीरानं बघायचं.

फिर्मँ माझा धाकटा भाऊ.
लेसचं काम बंद झालं त्या हिवाळ्यात
तो फाटकाशी टायर पेटवून बसला, चाळीस दिवस.
मी बाराव्या दिवशी
मागच्या दारानं आत गेले, नवं काम शिकायला.
घरात दोन पोरी होत्या.
हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

पुढे त्यानं साखर कारखान्यात पोती उचलली.
आतडं फुटलं, मध्यरात्री पोट उघडलं, शिवलं,
आणि वर्षभरात शिवणीतून पोट पुन्हा बाहेर आलं,
शर्टाखाली पाव लपवल्यासारखं.
पहिली जाळी साधी, पांढरी, दुसऱ्याच कुठल्या गावची.
ती पिकली.
अकरा महिने पू, अकरा महिने पट्ट्या,
शेवटी तुकड्यातुकड्यानं काढली,
भिंतीवरून जुनी वेल खरवडावी तशी.
पुन्हा बसवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
या वेळी लेपाची बसवू. खात्री मात्र देत नाही.
हे सगळं मला सोलांजकडून, त्याच्या बायकोकडून.
तो माझ्याशी बोलत नव्हता.

मे महिन्यात एका रविवारी
सोलांजनं फ्रिजवर चिकटवलेलं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.
पेशंटनं जपून ठेवायचं कार्ड:
आकार, तारीख, लॉट नंबर.
शेवटचे चार आकडे वाचले
आणि मला तो मंगळवार आठवला.
एक सुई वाकली होती,
एक टाका सुटला होता, केसाएवढा.
मी यंत्र थांबवलं. तीन मीटर कापून कचऱ्यात.
सुपरवायझर म्हणाला, ओदील, एवढ्याशासाठी?
मी म्हटलं, हो.

फिर्मँ दारात उभा. आता सरळ उभा राहतो.
"तुझी आहे?"
"आमची," मी म्हटलं, "तीस जणींची."
बराच वेळ तो पोटावर तळवा ठेवून राहिला,
आत कुणी हलतंय का बघावं तसा.
"म्हणजे तुला पोटात घातलं म्हणायचं," तो म्हणाला,
हसला, टाके ओढले म्हणून लगेच थांबला,
आणि बोट वर करून:
"जाळीचं म्हणतोय. फाटकाचं नाही."

सोलांजनं कॉफी आणली.
साखरेचं भांडं त्यानंच माझ्याकडे सरकवलं,
न बघता.